मॉडबसची जुनी लाइन उखडू नका

तुमचा प्रश्न मला असा कळला: गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग मटेरियलचा कारखाना, चार पीएलसी (मशीन चालवणारे छोटे कंट्रोलर), वीसेक एनर्जी मीटर, सगळं मॉडबसवर, म्हणजे यंत्रांनी एका लाइनवर आकडे देण्याघेण्याच्या जुन्या पद्धतीवर. मालकांना आकडे मोबाइलवर हवेत. व्हेंडर म्हणतो, जुनं सगळं काढा, इथरनेट टाका, क्लाउडला जोडा. आणि तुम्ही, डिप्लोमा होऊन दोन वर्षं झालेले, विचारताय की मॉडबस शिकण्यात वेळ फुकट जातोय का.

अजिबात नाही. पीएलसी बनवणाऱ्या मॉडिकॉन कंपनीने मॉडबस आणला १९७९ मध्ये. मी निवृत्त होईन, तो होणार नाही. वापरायला पैसे पडत नाहीत आणि पन्नास पानं वाचली की सगळा समजतो, एवढ्यावरच तो टिकलाय. हिशेब करून बघा. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) एका मीटरची दहा रजिस्टरं (आकडे ठेवायचे कप्पे) वाचायला तारेवर जेमतेम ४० मिलिसेकंद लागतात. मीटरला उत्तर द्यायला लागणारा वेळ धरून १०० म्हणा. वीस मीटर म्हणजे दोन सेकंद. मालक दिवसातून दोनदा मोबाइल उघडून युनिटं बघणार, त्यांचं दोन सेकंदांनी काय अडतं?

वेग खरोखर लागतो तो सर्व्होंना, म्हणजे अचूक फिरवायच्या मोटरांना. तुमच्या प्रिंटिंग मशीनमध्ये रंगाचे रोलर एकमेकांशी जुळवून फिरवायचे असतील, तर तिथे मॉडबस चालणार नाही. २००३ मध्ये आलेलं इथरकॅट बघा. त्यात एकच फ्रेम (डेटाचं पाकीट) सगळ्या ड्राइव्हांतून (मोटर फिरवणाऱ्या युनिटांतून) न थांबता जाते. चालत्या मालगाडीतून प्रत्येक स्टेशनाने आपलं पोतं उतरवून घ्यावं आणि आपलं चढवावं, तसं. पण ते मशीनच्या आतलं काम, ते मशीन बनवणारा करून देतो.

आता व्हेंडर जे सांगत नाही ते. आपल्याकडे नेटवर्क बंद पडतं ते प्रोटोकॉल जुना झाला म्हणून नव्हे. वेर्ण्यातल्या एका कारखान्यात जून लागला की मीटर गायब व्हायचे, विशेषतः दुपारी. आम्ही कन्व्हर्टर बदलला, दोन मीटर बदलले, सॉफ्टवेअरवाल्याशी भांडलो. शेवटी एका कंटाळलेल्या शनिवारी जंक्शन बॉक्स उघडला. खालची ग्लँड (केबल आत येते तिथलं बूच) उघडी, आत दमट हवा, तांब्यावर हिरवा कळंक. केबलची शील्ड (तारांभोवतीची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केलेली. आणि केबल ड्राइव्हच्या मोटर केबलशेजारी एकाच ट्रेमध्ये. दुपारी मोठी मोटर चालू झाली की मीटरांशी आमचं बोलणं बंद. तिथे इथरनेट टाकलं असतं तरी हीच रड होती, फक्त बिल मोठं आलं असतं. पावसाआधी घराची कौलं शाकारतो तसे मे महिन्यात बॉक्स उघडून बघायचे, हे मी तेव्हापासून शिकलो.

बदल होतोय तो वरच्या मजल्यावर, म्हणजे मशीनचे आकडे वर कॉम्प्युटर आणि क्लाउडकडे नेण्यात, आणि तो शिकाच. ओपीसी यूए २००८ मध्ये आलं. त्यात नुसता आकडा जात नाही, तो कशाचा, कोणत्या एककात, हेही सोबत जातं. एमक्यूटीटी १९९९ चं, तेलाच्या पाइपलाइनींसाठी. उपग्रहाची जोडणी महाग, म्हणून निरोप आटोपशीर ठेवलेला. तुमच्या मोबाइलच्या आकड्यांना तेच पुरेसं. एक गेटवे घ्या. खाली तो मॉडबसने मीटर वाचेल, वर एमक्यूटीटीने पाठवेल. पुढेमागे फार्मात गेलात तर इथरनेट-एपीएल भेटेल: २०२१ पासून बाजारात, दोनच तारा, १० मेगाबिट, हजार मीटरपर्यंत, आणि सॉल्व्हंटच्या धोकादायक जागेतही चालतं.

एका गोष्टीत मात्र मी हट्टी आहे. सीसीटीव्ही, ऑफिसचं वायफाय आणि पीएलसी एकाच नेटवर्कवर नकोत. मॉडबस टीसीपीच्या (इथरनेटवरून चालणाऱ्या मॉडबसच्या) दाराला कडीच नाही: ५०२ नंबरच्या पोर्टापर्यंत जो पोचला तो वाचेलही आणि लिहीलही, पासवर्ड कोणी विचारत नाही. मॅनेज्ड स्विच घ्या, वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर पीएलसींचं स्वतंत्र नेटवर्क) करा, मध्ये फायरवॉल ठेवा. गेटवेने फक्त बाहेर पाठवावं, बाहेरून आत कोणी येऊ नये. व्हेंडरला ‘रिमोटसाठी’ कायमचा उघडा रस्ता हवा असतो, देऊ नका. काम असेल तेव्हा उघडा, झालं की बंद. आणि इंटरनेटच नाही म्हणून निर्धास्त राहू नका, २०१० मध्ये उघडकीला आलेला, पीएलसींवर हल्ला करणारा स्टक्सनेट व्हायरस पेनड्राइव्हवरूनही पसरायचा.

गेटवेची ऑर्डर देण्याआधी एक करा. चतुर्थीला प्लांट बंद असेल तेव्हा लाइनवरच्या सगळ्यांची पॉवर काढा आणि मॉडबसच्या ए-बी या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास आला तर सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लाइनच्या दोन्ही टोकांना लावलेले १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर एक टोक सुटलंय. ४० आला तर कोणीतरी मध्येच तिसरा ठोकून ठेवलाय, तो शोधून काढा.