माझं कृपादान कोणतं?

प्रश्न : मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करतानाही जीभ अडखळते. मंडळीत (चर्चमध्ये) माझं कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवानं दिलेलं दान, कोणतं?
— एक भगिनी, ऐरोली

उत्तर : ताई, बायबलमधलं १ करिंथ १२:२८ (पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १२, वचन २८) काढून वाचा. साहाय्य करणं आणि व्यवस्था पाहणं ही दानं पौलानं प्रेषित (येशूचा संदेश घेऊन पाठवलेले) आणि शिक्षक यांच्याच यादीत घातली आहेत, तीही अन्य भाषा बोलण्याच्या दानाआधी. आमच्या कळव्याच्या मंडळीत एक मावशी दर रविवारी कोण आलं नाही ते टिपतात नि दुपारी त्यांच्या घरी जातात. माझी पत्नी आजारी होती तेव्हा मला त्यांच्या डब्यानं सावरलं. माझे स्वतःचे उपदेश तेव्हा मला पुरले नाहीत. सगळं पाळकानंच (मंडळीच्या धर्मगुरूनंच) ओढायचं, ही आपली जुनी खोड. प्रेषितांनीसुद्धा विधवांच्या अन्नवाटपासाठी सात जण नेमून घेतले होते. गेल्या महिन्यात कुणी न सांगता तुम्ही कुणाच्या दारी गेलात? तेवढं आठवून तुमच्या पाळकांना सांगा.