भारतीय फुटबॉलपटूंमध्ये सुनील छेत्रीच एवढा लोकप्रिय का? बाकीचे मागे का पडतात?

मुख्य कारण सातत्य. २००५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल, आणि जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल. त्या वेळी खेळत असलेल्यांपैकी देशासाठी याहून जास्त गोल फक्त रोनाल्डो आणि मेस्सीचे होते! (२०२५ मध्ये तो परतला आणि मालदीवविरुद्ध आणखी एक गोल केला.)

माजी कर्णधार बायचुंग भुतियाचा मान माझ्या लेखी तेवढाच मोठा. १९९९ मध्ये तो इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला, तेव्हा अशी वाट कुणी मळलेली नव्हती. गुरप्रीतसिंग संधू तर नॉर्वेच्या क्लबकडून युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरला. पण तो गोलकीपर, त्यामुळे कौतुक कमी वाट्याला येतं. हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

छेत्री घराघरांत पोहोचला तो २०१८ मध्ये. मुंबईतला सामना जवळपास रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्यावर त्याने व्हिडिओतून ‘आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात या’ अशी विनवणी केली आणि पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. आमच्या खान्देशात आजही बहुतेक पोरं क्रिकेटच खेळतात. तरी जळगाव-भुसावळकडे भारतीय फुटबॉलपटूचं नाव विचारा, आधी छेत्रीच ऐकू येईल.