"आमचा मुलगा अगदीच भित्रा आहे हो"

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरातले बाबा हे वाक्य मुलासमोरच बोलले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा आठ वर्षांचा. रात्री एकटा बाथरूमला जात नाही, शाळेत कोणी ढकललं तर गप्प राहतो. उपाय म्हणून बाबांनी रोज झोपताना शौर्यकथा सुरू केल्या होत्या. ग्वाल्हेरला राहून लांब कशाला जायचं? फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी, १८५८ची लढाई, घोडा, तलवार. आणि शेवट ठरलेला: "बघ! आणि तू?"

या दोन शब्दांनी गोष्टीचं मातेरं होतं. मुलाला राणी राहते बाजूला, आपण राणीसारखे नाही एवढंच कळतं.

एकटा भेटला तेव्हा मी म्हटलं, बाबांची गोष्ट मला सांग. लढाई त्याने दोन वाक्यांत उरकली. मग म्हणाला, "मावशी, राणीला अग्नी दिला त्या साधूंना भीती नसेल वाटली? इंग्रज येत होते ना." गंगादासांची शाळा म्हणजे इथला साधूंचा मठ; तिथल्या साधूंनी राणीचा देह इंग्रजांच्या हाती पडू दिला नाही, असं इथे सांगतात.

"तुला काय वाटतं?"

"वाटली असेल. पण काम तर करायचं होतं."

तू असं काही केलंयस का, विचारलं. बुटाची लेस बोटाला गुंडाळत बसला बराच वेळ. वर्गात त्याच्या हातून बाईंच्या टेबलावरच्या वह्यांवर पाणी सांडलं, ओरडा दुसऱ्याला बसला. हा उभा राहून म्हणाला, मी सांडलं. "पाय लटपटत होते माझे." घरी नाही सांगितलंस? "बाबा म्हणाले असते, सांडलंस कशाला?"

त्याला विचारूनच हे बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

गोष्टी चालू ठेवा म्हटलं, फक्त "आणि तू" नको. खरं बोलणारा, मदत मागणारा, नाही म्हणणारा, असेही नायक येऊ देत. त्यांना भीती कुठे वाटली असेल ते मुलालाच विचारा. अंधाराची भीती या वयात सर्रास असते. दर वेळी सोबत गेलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती मुरते. म्हणून आधी बाबा बाथरूमच्या दाराशी, मग पॅसेजमध्ये, मग खोलीत. मुलाला एका पायरीचा कंटाळा आला की पुढची. ढकलणाऱ्या पोरांचं मात्र बाईंशी बोलायला मोठ्यांनीच जायचं. तिथे मुलाच्या धाडसाची परीक्षा कसली? भीतीमुळे शाळा किंवा झोप आठवडेच्या आठवडे बुडत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावं.

महिन्याभराने बाबा हसत सांगत होते, आता गोष्ट मुलगा सांगतो. त्यातला साधू चितेसाठी लाकडं आणायला अंधारात एकटा जातो, हातात टॉर्च घेऊन. १८५८ साली टॉर्च कुठला, हे बाबांच्या अगदी ओठांवर आलं होतं म्हणे.