आठ महिन्यांच्या बाळाला व्हिडिओ दाखवावा का?

अगं, ते 'हुशार बाळ' वाले व्हिडिओ सध्या बाजूला ठेव. मीही थोरल्याला वरण-भात भरवताना तेच लावायचे; तो घास गिळायचा, पण शब्द एक शिकला नाही.

अमेरिकेत 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला. समोर बसून चिनी भाषेत खेळणाऱ्या माणसांकडून बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं पडद्यावर दाखवली तर काहीच नाही. कारण बाळाने 'बा' म्हटलं की पडदा थांबत नाही, हसत नाही, त्याची नजर जाते तिकडे बघत नाही. तू बघतेस.

2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच म्हटलंय. नाशिकच्या आजीचा व्हिडिओ कॉल मात्र चालू दे, तिथे समोरून उत्तर येतं.

त्यापेक्षा संध्याकाळी मंडईत घेऊन जा. 'हा भोपळा, हा बघ केवढा!' असं बोलत राहा, हात लावू दे. (भाजीवाल्या मावश्या तर आपल्याहून जास्त बोलतात त्याच्याशी!)

आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांपुरता कधी मोबाईल दिलास, तर रडत बसू नकोस. मीही दिलाय.