बाग गहाण टाकण्याआधी मेडिकल

बारावीचा निकाल लागला की कणकवलीत माझ्याकडे सल्ला घ्यायला येणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, पायलट झाल्यावर पगार किती?" २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर विमान उतरायला लागल्यापासून तो जास्तच येतो.

देवगडकडचे एक बागायतदार मुलाला घेऊन आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पिशवीतून त्यांनी फ्लाइंग स्कूलचं फीपत्रक आणि सातबारा काढला. "बाग गहाण टाकूचो इचार आसा, पण झोप येणा नाय," म्हणाले. मुलगा लगेच म्हणाला, "बाबा, इंडिगोने २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिलीय. पायलट लागणारच ना?"

लागणार. पण ती विमानं टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं येत राहतात. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. मी कागद पुढे ओढला. २०० तास उडून कमर्शियल लायसन्स मिळेपर्यंत खर्च सहज ५० लाखांपुढे जातो. ए३२०सारखं ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, त्यावर वेगळं. नुसते ५० लाख ११ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तरी हप्ता ६९ हजारांच्या घरात. नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, नियमित उडायला लागला की महिन्याला दीड लाखाच्या आसपास मिळू शकतात, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे नोकरी लागली तर कर्ज फिटतं. माणसं अडकतात ती त्याआधी: लायसन्स हातात, नोकरी नाही आणि हप्ते सुरू. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये. अशा वेळी अनुभवी पायलट नोकरी शोधायला बाहेर पडतात आणि २०० तासांचा मुलगा रांगेत मागे जातो.

म्हणून बाबांना मी पगाराचं नाही, वेगळंच विचारलं. मोहोर गळाला त्या वर्षी, मुलाचा एक रुपयाही नसताना, किती हप्ते भराल? बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार-पाच."

सातबाऱ्यावर दोन चुलते आणि एक आत्याही होती. सामाईक जमीन, त्यातून शेतजमिनीवर सरफेसी कायद्याने (कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) वसुली करता येत नाही, त्यामुळे अशा तारणाला बँका सहसा नाखूश असतात. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला याचाच राग येतो. प्रवेश देणारा एजंट गणवेशातले फोटो दाखवतो, हे दाखवत नाही.

मुलाला म्हटलं, "तू आधी मेडिकल कर, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी. आधी प्राथमिक, क्लास टू, मग कडक, क्लास वन. डोळ्यांत रंगदोष निघाला तर फी भरण्याआधी कळू दे. ते झालं की नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर दे. घरी अभ्यास करून होतात, खर्च त्यामानाने थोडा."

क्लास टू तपासणीत तो पास झाला. क्लास वनसाठी तो पुढच्या महिन्यात जातोय, आणि बाबांनी बँकेत जाणं तोवर थांबवलंय.