नियमांची फाइल कपाटातच राहू द्या

*ताई, मी मूळ ‘स्क्वॉड लीडर’च्या काळापासून युद्धाचे बोर्डगेम खेळतोय. चौदा वर्षांचा पुतण्या आपणहून म्हणाला, ‘काका, मला शिकवा.’ त्याला आणि त्याच्या मित्राला ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’च्या नियमांची फाइल वाचायला दिली आणि आठवड्याने खेळायला बसलो. पुतण्याला बारा पडले तेव्हा तो आनंदाने ओरडला, मला हसू आवरेना. तासाभरात दोघं मोबाइलमध्ये! आता बोलावलं की ‘अभ्यास आहे’. या पोरांना दमच नाही का? – नाराज काका*

काका, दम नसता तर पोरगं तुमच्याकडे आलंच नसतं. मला खटकलं ते तुमचं हसू. या खेळात फाशांवर आकडा जितका कमी पडेल तितकं चांगलं, हे त्याला कुठून ठाऊक? सापशिडीपासून सहा पडले की उड्या मारायची सवय. मित्रासमोर हसं झालं की चौदाव्या वर्षी अभ्यास आठवतोच.

आणि ती फाइल! १९७७चा ‘स्क्वॉड लीडर’ थोडे नियम वाचा, एक लढाई खेळा, मग पुढचे नियम, असा शिकवायचा. तुम्ही जिन्याने चढलात आणि पोरांना म्हणालात, गच्चीवर उडी मारा. २००४मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’चाच पहिला स्टार्टर किट आला, त्यात फक्त पायदळ आहे. तो आणा. रणगाड्यांचं पुढे बघू.

मुख्य म्हणजे तुम्ही खेळूच नका. दोघांना समोरासमोर बसवा आणि पंच व्हा. १८२४मध्ये राइसविट्झ या अधिकाऱ्याने प्रशियाच्या सैन्यापुढे मांडलेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळात हेच होतं: खेळणारे हुकूम द्यायचे, फासे आणि तक्ते पंचाकडे. फासे मात्र पोरांच्या हातात द्या, मजा त्यातच आहे. तुकडीच्या सोंगटीवर ४-६-७ असतं ना? मारा चार, पल्ला सहा घरं, मनोधैर्य सात. पहिल्या दिवशी एवढं पुरे. ‘ही तुकडी भिंतीआड पळवतो’ म्हणाला, तर पळवू दे. वाटेत गोळीबार झाला की तक्ता तुम्ही बघा आणि एवढंच सांगा, ‘टाक. सात किंवा कमी आले तर तग धरतील.’

‘अरे, असं नाही!’ म्हणायला जीभ वळवळेल, तेव्हा उठून पाणी पिऊन या.

पण आधी पुतण्याला फोन करा. सॉरी म्हणणं जड जात असेल, तर तुम्हाला पहिल्यांदा बारा पडले तेव्हा तुमची काय वाट लागली होती, ते सांगा.