आखेनला उतरल्यावर फोन कुणाचं नेटवर्क धरेल?

तू विचारलंस की मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला येताना सोलापूरचंच सिम सुरुवातीला चालवलं तर फोन इथे कुणाचं नेटवर्क धरेल, आणि युनिव्हर्सिटीचं वायफाय आल्याआल्या लागेल का. जरा सविस्तरच लिहितो, बरीच पोरं पहिल्या आठवड्यात यातच अडकतात.

फुल्ल रेंज असेल ते नेटवर्क फोन धरतो, हा समज आधी डोक्यातून काढ. ऑटोमॅटिकवर ठेवलेला फोन आधी शेवटचं चालू असलेलं नेटवर्क आणि स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क शोधतो. फ्रँकफर्टला विमानातून उतरल्यावर यातलं काहीच नसणार. मग तो सिममधली यादी बघतो. ती तुझ्या भारतातल्या कंपनीने भरलेली असते, आणि ज्याच्याशी तिचा व्यवहार परवडतो त्याचं नाव वर असतं. यादीतलं कुणीच सापडलं नाही तर मग बाकीच्यांचा नंबर. म्हणून शेजारच्याचा फोन टेलिकॉमवर आणि तुझा ओटूवर (दोन्ही जर्मनीतल्या मोबाइल कंपन्या), असं होऊ शकतं. त्यात बिघाड काही नाही.

खरी गंमत पुढे आहे. एखाद्या नेटवर्कने ‘इथे परवानगी नाही’ म्हणून नोंदणी नाकारली की फोन त्याचं नाव सिममधल्या नकारयादीत टाकतो, आणि ऑटोमॅटिकवरचा फोन पुन्हा तिकडे फिरकत नाही. रोमिंग सुरू करून न घेता विमानात बसलेल्यांचं हेच होतं: मागाहून घरच्यांनी पॅक मारला तरी ‘सेवा नाही’ जात नाही. अशा वेळी सेटिंगमधून नेटवर्क हाताने निवडायचं. नोंदणी झाली की ते नाव नकारयादीतून निघतं. मग लगेच ऑटोमॅटिकवर परत ये. कॉल लावताना फोन 2जीवर घसरला तर घाबरू नकोस. जर्मनीत 3जी 2021 मध्येच बंद झालंय, म्हणून 4जीच्या खाली थेट 2जीच उरतं.

आखेनचं आणखी एक लचांड म्हणजे हद्द. दुधनीच्या आसपास फोन कर्नाटकात शिरायचा तसा इथे तो हॉलंड-बेल्जियममध्ये शिरतो. स्वस्त खोली मिळते म्हणून बरेच विद्यार्थी पलीकडे हॉलंडमधल्या फाल्सला राहतात, त्यांना तर हे रोजचं. परक्या नेटवर्कवर असताना फोन अधूनमधून पसंतीचं नेटवर्क शोधतो, पण त्याच देशातलं. त्यामुळे तू आखेनात परतलीस तरी डच सिग्नल पोचतोय तोवर तो तिथेच चिकटून राहतो. विमान मोड एकदा चालू-बंद केला की बहुतेक वेळा सुटतो. जर्मन सिम असेल तर पैशांची काळजी नाही, युरोपीय संघात जून 2017 पासून वेगळा रोमिंग दर नाही. स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही, तिकडे फिरायला जाशील तेव्हा डेटा रोमिंग बंद ठेव. भारतीय पॅक घेतलास तर त्यात शेजारचे देश आहेत का ते वाचून घे.

वायफायचं सोपं आहे. युनिव्हर्सिट्यांच्या सामायिक वायफायचं नाव एज्युरोम, त्यात सामील असलेल्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांत ते एकच. दुसऱ्या गावच्या कॅम्पसवर गेलीस तर तिथली यंत्रणा तुझ्या आयडीतला @ च्या पुढचा भाग बघते आणि चौकशी तुझ्या युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरकडे पाठवते. पासवर्ड तिथेच तपासला जातो. म्हणजे इथे फोनला कंपनी निवडायची नसते, ती तुझ्या आयडीतच लिहिलेली असते. अकाउंट हातात आलं की युनिव्हर्सिटीने दिलेल्या ॲपनेच प्रोफाइल टाक. घाईत हाताने भरून ‘सर्टिफिकेट तपासू नका’ निवडणारे दिसतात, ते करू नकोस. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करू शकतं, आणि फोनला खरं-खोटं कळतं ते सर्टिफिकेटवरूनच.

निघण्यापूर्वी सोलापुरातच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घे आणि भारतीय सिमचा फक्त डेटा रोमिंग बंद ठेव, म्हणजे बँकेचे ओटीपी येत राहतील. जर्मन सिम सुरू करताना पासपोर्टवरून ओळख पटवावी लागते, तेव्हा तो सामानाच्या तळाशी टाकू नकोस.